सहा खाली

दरवर्षी सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात मी फळ्यावर 'पेलोड' हा शब्द लिहिते आणि दरवर्षी खडू मध्येच थांबतो. मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकाचं नेटवर्क शिकवते. पोरं मला कडक म्हणतात, आणि मी आहेच कडक. तासाला मोबाईल दिसला की तो माझ्या टेबलावर येतो आणि वर चार शब्द ऐकायला लागतात ते वेगळे. असली मी बाई एका शब्दापाशी अडखळते, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

हा शब्द मला पुस्तकानं नाही, दादानं समजावला. दादा माझा थोरला भाऊ. शहराबाहेर, घाटापलीकडच्या फुलंब्रीत राहतो आणि टेम्पो चालवतो. खत, मोसंबी, कारखान्यांचे सुटे भाग, जे मिळेल ते भरतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी त्याच्या ओट्यावर बसून उद्याच्या तासाची उजळणी करत होते, तर म्हणाला, "काय गं सारखं पेलोड पेलोड लावलंय?" मी सांगायला लागले तसा तो हसला.

"ह्यात शिकवायसारखं काय हाय? गाडीच्या कागदावर असतंय की. रिकाम्या गाडीचं वजन येगळं, भरून किती चालंल ते येगळं. मधला फरक म्हंजे पासिंग. तेवढाच आपला माल, बाकी लोखंड आपन फुकट वागवतो. अडत्याकडं पोत्याचं वजन, बारदाना, वजा करतेत, तसंच."

मी म्हटलं, रॉकेटचंही तसंच असतं. एवढं उंच उभं असतं, पण त्यात बहुतेक इंधन आणि टाक्या. खरा माल म्हणजे उपग्रह, तो टोकाला, जरासा. दादानं कपाळावर हात मारला. "एवढा बारदाना अन् माल एवढुसा? कुनाला परवडतंय गं हे?"

तेव्हापासून वर्गात मी बारदानाच सांगते. संगणकावरून निरोप जातो तेव्हा त्याला वरून पत्ता असतो, पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा असतो, कितवा तुकडा ते असतं. तो सगळा बारदाना. आतलं जे खरं म्हणणं, तो पेलोड. एखादं पोरगं विचारतंच, "मॅडम, व्हायरसमध्येपण पेलोड असतो ना?" असतो. जो भाग शेवटी नुकसान करतो, तो. मग मी नियम लिहिते: वाटेतल्या यंत्रानं फक्त पत्ता वाचायचा आणि निरोप पुढं द्यायचा. आतला माल बदलायचा नाही. आपल्याला सुधारता येतो असं वाटलं तरी नाही. खडू थांबतो तो इथं.

त्याचं कारण सांगायचं तर आधी 'खाली' सांगायला पाहिजे.

आमच्याकडे ड्रायव्हर लोक 'गाडी खाली आली' म्हणतात, म्हणजे रिकामी आली. 'गाडी खाली करा' म्हणजे माल उतरवा. निजामाचं राज्य पोलीस अॅक्शनमध्ये गेलं, पण त्याचे उर्दू शब्द काही गेले नाहीत. इथं ते घरोघरी आहेत आणि कुणाला ते परके वाटत नाहीत. वाटायचे ते मला एकटीला. चार बुकं शिकले आणि शिंगं फुटली. दादा म्हणायचा, "आज गाडी खालीच आली," की मी म्हणायची, "खाली म्हणजे वर-खाली मधलं खाली. रिकामी म्हण." तो म्हणायचा, "व्हय बाई, रिकामी. डिझेल तेवढंच लागलं." वहिनी आतून ओरडायची, "ये मास्तरीनबाई, भाकर खायला ये. ती बी खाली पोटानं खातेत."

वहिनी घरात आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई वारलेली. माझ्या वेण्या, माझं आजारपण, कॉलेजला पाठवण्यासाठी वडलांशी केलेलं भांडण, सगळं तिनं केलं. आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, भर एप्रिलात, तीच आजारी पडली.

शहरात खाट मिळाली नाही. फुलंब्रीतल्या एका दहा खाटांच्या दवाखान्यात मिळाली, तेच नशीब. प्रत्येक खाटेपाशी ऑक्सिजनचं नळकांडं उभं आणि त्याच्या तोंडाला काट्याचं घड्याळ. त्या दिवशी सकाळी डॉक्टर दादाला म्हणाले, "आमचा गाडीवाला आजारी पडलाय. चारच्या आत भरलेली नळकांडी आली नाहीत, तर तुमच्या घरच्यांसकट चार खाटांचा प्रश्न आहे." दादा म्हणाला, "गाडी दारात हाय." मी सोबत निघाले. वहिनीपाशी तिचा भाऊ बसला.

सहा रिकामी नळकांडी फुलंब्रीची घेतली. वाटेत शहराच्या तोंडाशी, हर्सूलला, डॉक्टरांच्या ओळखीचा एक दवाखाना होता. त्यांनी आपली सहा चढवली, "जमलं तर आमचीपण भरून आणा" म्हणून. अशी बारा घेऊन आम्ही चिकलठाण्याकडच्या प्लांटवर रांगेत उभे राहिलो. पत्रा तापलेला, तोंडाला दोन-दोन मास्क, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दीड वाजता नंबर लागला आणि खिडकीतून कळलं की सहाच भरून मिळतील. सहा फुलंब्रीची भरायची आणि हर्सूलची सहा जशीच्या तशी परत न्यायची, असं ठरलं. दादा आत गेटपास घ्यायला गेला. मी गाडीपाशी थांबले.

गाडी भरत होते एक चाचा. साठीचे असतील. नळकांडी अशा वेळी उभीच बांधायची असतात म्हणे, पण दादाच्या टेम्पोत ती आडवीच बसत होती, दोन थर करून, मध्ये पोती टाकून. एरवी भरलेल्यांवर खडूची खूण करतात. त्या आठवड्यात तेवढी उसंत कुणाला होती? म्हणून चाचा तोंडानं सांगत होते. शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता. मास्क खाली ओढून ते माझ्या कानाशी ओरडले, "बाई, सहा खाली है. वो हर्सूलचे. बाकी फुलंब्री. भाईला बराबर सांगा." आणि पुढच्या गाडीकडे वळले.

मी समोर पाहिलं. दोन थर. सहा वर, सहा खाली. सोपं होतं.

दादा पळत आला. "काय म्हनले चाचा?"

मी म्हटलं, "खालचे सहा हर्सूलला द्यायचे. वरचे आपले."

एवढंच. चाचा 'खाली' म्हणाले होते, मी त्याचं 'खालचे' करून दिलं. शुद्ध, नेटकं मराठी. जाणूनबुजून केलं असंही नाही, तोंडाला सवयच तशी लागलेली.

हर्सूलला दादा कुरकुरला. "खालचे काढायचे म्हंजे वरचे सहा उतरवा अन् परत चढवा. असं कोन भरतंय? जड माल बुडाला असतो. तू नीट ऐकलंस ना?"

मी फाडकन म्हटलं, "मी काय बहिरी आहे का? माझ्या कानात सांगितलंय त्यांनी!"

दादानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पोती बाजूला केली. दवाखान्याचा वॉर्डबॉय आणि दादा, दोघांनी मिळून वरची सहा उतरवली, खालची सहा काढून मागच्या भिंतीशी रिकाम्यांच्या ढिगाजवळ ठेवली, वरची पुन्हा चढवली. दहा मिनिटं गेली. एकेक नळकांडं पन्नास-साठ किलोचं लोखंड. आतला वायू त्यातला आठ-नऊ किलो. घामाघूम झालेल्या माणसाला त्यात भरलं कुठलं आणि रिकामं कुठलं, हे हातानं कळत नाही. मला तर गाडीत बसून काहीच कळायचं नव्हतं. मी घड्याळ बघत होते आणि मनात दादावर चिडत होते की हा उगाच शंका काढतो.

पुढं फुलंब्रीकडं जाताना चौक्याच्या घाटात दादा एकदाच म्हणाला, "येळेत पोचलो." मी म्हटलं, "पोचलो रे." मला तेव्हा रडू आलं होतं, आनंदाचं.

सव्वातीनला दवाखान्यात शिरलो. डॉक्टर स्वतः बाहेर आले, पहिलं नळकांडं स्वतः ढकलत वहिनीच्या खाटेपाशी नेलं. तिच्या जुन्या नळकांड्याचा काटा तांबड्या पट्टीत आला होता. डॉक्टरांनी नव्याच्या तोंडाला घड्याळ बसवलं, चावी फिरवली. काटा जागचा हलला नाही. त्यांनी आणखी फिरवली. काटा शून्यावर.

"दुसरं आणा."

दुसऱ्याचा काटा शून्यावर. तिसऱ्याचाही.

वहिनीचा भाऊ चौथं आणायला बाहेर धावला. दादा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं मला विचारलं, अगदी हळू, "खालचे म्हनलीस ना?"

मी म्हटलं, "खाली म्हणाले ते. सहा खाली." आणि ते बोलताना माझं मलाच ऐकू आलं. खाली. गाडी खाली आली. गेली वीस वर्षं मी ज्या शब्दावरून ह्या माणसाला टोकत आले, तो शब्द.

दादानं डोळे मिटले. मग तो बाहेर पळाला.

डॉक्टर तरुण होते, पण त्यांचा आवाज चढला नाही. "जुन्यातलं तासभर पुरेल. प्रवाह कमी करून थोडं जास्त. पालथं झोपवा त्यांना." वहिनीचा भाऊ आणि मी, आम्ही तिला पालथं केलं. तिचं अंग तापलेलं होतं आणि पाठ भात्यासारखी वरखाली होत होती. बाहेरून दादाचा फोनवरचा आवाज येत होता. "ती मघाची सहा तिथंच राहू द्या. नाय, कुनाला देऊ नका. नळकांड्यांच्या नंबराची अदलाबदल झालीय. निघालोच." ती भरलेली आहेत, हे त्यानं सांगितलं नाही. मी ऐकलं आणि मला समजलं का ते. हर्सूलच्या खाटांवरही माणसंच होती. त्यांना कळलं असतं तर त्यांनी का परत द्यावीत?

टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि गेला.

तो सव्वा तास मी कुणाला सांगून कळायचा नाही. खोलीत पंखा होता, तो चालू होता एवढं आठवतं. वहिनीच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा एकेकानं खाली येत होता आणि नळकांड्याचा काटाही. माझे डोळे आकड्यावरून काट्यावर, काट्यावरून आकड्यावर. दाराशी आम्ही आणलेली सहा नळकांडी आडवी पडली होती. वीस किलोमीटर घाटातून वाहून आणलेलं नुसतं लोखंड. मला त्यांना लाथ मारावीशी वाटत होती. मला स्वतःला लाथ मारावीशी वाटत होती.

वहिनीचा भाऊ दर दोन मिनिटांनी विचारत होता, "कुठवर आला?" मी फोन लावला की दादा उचलायचा आणि फक्त ठिकाण सांगायचा. "सावंगी." मग, "पोचलो." मग बराच वेळ त्यानं उचललाच नाही. मी देवाला नवस बोलले. मी, जी वर्गात नवस-सायासांची टिंगल करते ती. म्हटलं, हिला राहू दे, माझं काय करायचं ते कर.

मग त्याचा फोन आला. "चार मिळाले. दोन त्येंनी खाटांना लावलेत. भरलेले हैत हे त्येंना आधीच कळलं होतं." मी विचारलं, "भांडलास का नाही?" तो म्हणाला, "लावलेलं काढा म्हनू व्हय मी?" फोन ठेवला.

आकडा नव्वदच्या बराच खाली गेला. वहिनीची नखं निळसर दिसायला लागली. तिनं माझं मनगट धरलं होतं, ती पकड सैल झाली. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीबाही बोलत राहिले. "आला गं, आला, चौक्यात आला, घाट उतरला." तो कुठं होता मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी चावी आणखी थोडी आवळली, मग जरा उघडली. ते माझ्याकडे बघत नव्हते.

पावणेपाचला भोंगा वाजला. दवाखान्यात शिरेपर्यंत दादानं भोंग्यावरचा हात काढलाच नव्हता. वहिनीच्या भावानं आणि डॉक्टरांनी पहिलं नळकांडं खाटेपाशी आणलं. चावी फिरली आणि काटा सरळ वर चढला. मी जमिनीवर बसले.

आकडा परत चढायला अर्धा तास लागला. त्या चार नळकांड्यांवर चारही खाटांची संध्याकाळ निभावली, मग दुसऱ्या गाडीनं आणखी आली. पण त्याआधी, आकडा नव्वदला टेकला तेव्हा, वहिनीचा भाऊ अंगणात गेला. दादा टेम्पोच्या फाळक्याला टेकून उभा होता, सदरा अंगाला चिकटलेला. भावानं विचारलं, "रिकामे कसे आणले? कुनाची चूक?"

मी दारात उभी होते. दादानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझी," तो म्हणाला. "घाईत उलटं उतरवलं."

वहिनीच्या भावानं त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्यांच्या देखत. दवाखान्यातली माणसं, रस्त्यावरची माणसं बघत होती. पन्नाशीचा माझा भाऊ, ज्याच्या अंगाला आमच्या बापानंही कधी बोट लावलं नव्हतं, तसाच मान खाली घालून उभा राहिला. आणि मी, कॉलेजात जिचा आवाज तीन वर्गांपलीकडे जातो ती मी, तोंड उघडलं नाही. माझी हिंमत झाली नाही. ह्याला दुसरं नाव नाही.

वहिनी वाचली. तीन आठवड्यांनी घरी आली. आता जिना चढताना मध्ये थांबते, पण भाकरी तिचीच, आरडाओरडा तिचाच. फक्त तिच्या माहेरी दादाचं जाणं बंद झालं. भाचीचं लग्न झालं, दादाला आमंत्रण नव्हतं. वहिनी एकटी जाऊन आली. दादा त्या दिवशी गाडी धूत बसला होता. मी त्याला दोनदा म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. तो म्हणाला, "कशाला? ती जगली ना? इषय संपला." आणि माझं मेलीचं मन लगेच म्हणालं, तोच नको म्हणतोय तर कशाला.

गेल्या हिवाळ्यात मी रविवारी गेले होते. दादा बाहेर होता. वहिनी आणि मी शेंगा फोडत बसलो होतो. ती भावाच्या घराबद्दल काहीतरी बोलत होती, आणि मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी चूक दादाची नव्हती. माझी होती." आणि सगळं सांगितलं. चाचा, खाली, खालचे, अंगण. सांगताना मी रडत होते. ती शेंगा फोडत राहिली.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

"दादानं सांगितलं?"

"ते कशाला सांगत्यात? मी तिथंच पडले होते की. मास्क नाकाला होता, कानाला नव्हता. त्येंनी इचारलेलं बी ऐकलं अन् तू सांगितलेलं बी."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हनून."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला. रागानं नाही, पदराला टरफलं पुसायला. मग कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला तिचा मोबाईल काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"माझा जीव गेला असता तरी मी तुला काय म्हनले नसते. तू माझीच लेक हायस. पन मार त्येंनी खाल्ला, अन् तू बघत हुभी ऱ्हायलीस. ते माझ्याजवळ रडून काय उपेग? ज्यानं हात उचलला त्याला सांग."

"आत्ता?"

"मग कवा? लाव."

मी नंबर लावला. घंटा वाजत राहिली. वहिनीनं सूप बाजूला सरकवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. पलीकडून तिच्या भावाचा आवाज आला, "बोल ताई."

"ताई नाही, मी आहे," मी म्हटलं. "त्या दिवशी अंगणात तुम्ही चुकीच्या माणसाला मारलंत."